परदेशातल्या क्लेफ्ट मिशनला जायचंय? अर्जापासून सहा महिन्यांनंतरच्या फोटोपर्यंत

१९८२ साली बिल मॅगी हे अमेरिकन प्लॅस्टिक सर्जन आणि त्यांच्या पत्नी कॅथी एका वैद्यकीय पथकाबरोबर फिलिपिन्समधल्या नागा सिटीत गेले. दुभंगलेल्या ओठांची आणि टाळूची, म्हणजे क्लेफ्टची मुलं घेऊन तिथे तीनशेच्या आसपास कुटुंबं येऊन थांबली होती. शस्त्रक्रिया झाल्या सुमारे चाळीस. बाकीच्यांना परत पाठवावं लागलं. त्यातून 'ऑपरेशन स्माइल' ही संस्था उभी राहिली. मिशनला निघालेल्या माणसाने या गोष्टीतला परत पाठवलेल्यांचा आकडा जास्त लक्षात ठेवावा. टेबलावरचं काम तुम्हाला येतंच, म्हणून तर तुम्हाला बोलावलंय. दोन दिवस चालत आलेल्या आईला 'या वेळी नाही' सांगणं मात्र कुठल्याच रेसिडेन्सीत शिकवत नाहीत.

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे या लेखात भूल जरा जास्त आणि सर्जरी जरा कमी येईल. सर्जन मंडळींनी चालवून घ्यावं. उदाहरणं मुख्यतः इथिओपियाची देते, कारण मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे आणि तिथल्या अडचणी इतर अनेक देशांतही भेटतात.

आधी संस्था पारखा

या क्षेत्रात साधारण तीन पद्धतींनी काम चालतं. पहिली, पथक घेऊन जायचं, आठ-दहा दिवस शस्त्रक्रिया करायच्या आणि परतायचं. स्टॅनफर्डच्या डोनाल्ड लॉब यांनी १९६९ मध्ये सुरू केलेली 'इंटरप्लास्ट' ही यातली जुनी संस्था, आता तिचं नाव 'रीसर्ज इंटरनॅशनल'. दुसरी पद्धत रुग्णालयच जहाजावर नेण्याची, ती 'मर्सी शिप्स'ची. तिथे जहाज महिनोन् महिने एकाच बंदरात असतं, त्यामुळे गुंतागुंत झालेलं मूल पुन्हा दाखवायला आणता येतं. तिथले स्वयंसेवक आपला खर्च सहसा स्वतःच उचलतात, हे अर्ज करण्याआधी घरी सांगून ठेवा. तिसरी पद्धत 'स्माइल ट्रेन'ची. १९९९ पासून ही संस्था परदेशी पथक न पाठवता त्या त्या देशातल्या सर्जनना प्रशिक्षण आणि पैसा देते. आता पहिल्या प्रकारातल्या बऱ्याच संस्थाही तिकडे सरकल्या आहेत. ऑपरेशन स्माइलने आपल्याकडे गुवाहाटीत कायमस्वरूपी केंद्र उभारलं.

हा बदल उगाच झालेला नाही. इक्वाडोरमधल्या मिशनवर झालेल्या टाळूच्या शस्त्रक्रियांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. टाळूला मागाहून भोक राहण्याचं, म्हणजे फिस्टुलाचं प्रमाण तिथे अमेरिकेतल्या केंद्रापेक्षा कितीतरी जास्त निघालं. पथक विमानात बसल्यावर टाके उसवले तर ते पथकाला कळतही नाही. म्हणून संस्थेला अर्ज करण्याआधी एक ईमेल पाठवा आणि सरळ विचारा:

- पथक गेल्यावर रक्तस्राव झाला तर मूल कोणत्या स्थानिक सर्जनकडे जाणार?
- पथकात स्थानिक डॉक्टर आणि नर्स किती? ते ऑपरेशन करतात की नुसते बघतात?
- एक आठवड्याने आणि सहा महिन्यांनी मुलांना कोण तपासतं?
- मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत झाली तर तिची नोंद आणि चौकशी कशी होते?

उत्तर गोलमोल आलं, किंवा उत्तराऐवजी हसऱ्या मुलांचे फोटो आले, तर दुसरी संस्था बघा.

पहिलं मिशन घरच्या अंगणात

सगळी मंडळी एकदम आफ्रिकेचा अर्ज भरतात. माझं मत स्पष्ट आहे: ज्याने आपल्याकडे क्लेफ्टची मुलं पुरेशी पाहिलेली नाहीत त्याने बाहेर जाऊ नये. साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो, म्हणजे आपल्या जिल्ह्यातही काम कमी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरहून झाली आणि ओठ-टाळूचा दुभंग त्याच्या यादीत आहे. अंगणवाडी आणि शाळा तपासणीतून सापडलेली मुलं पुढे पाठवली जातात. स्माइल ट्रेनशी जोडलेली रुग्णालयंही महाराष्ट्रात आहेत. तिथे काही महिने आठवड्यातून एक दिवस द्या.

शिबिरात काम कसं चालतं हे शिकायलाही आपल्याकडे परंपरा आहे. पंढरपुरात जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित न्यूयॉर्कला राहायचे आणि दर वर्षी भारतात येऊन मोफत प्लॅस्टिक सर्जरीची शिबिरं घ्यायचे. कर्करोगात आवाज गेला, अपघातात शरीर अधू झालं, तरी ते येत राहिले. २०११ मध्ये ते गेले. भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरं महाराष्ट्रात वर्षानुवर्षं भरवली. त्या शिबिरांत राबलेले कार्यकर्ते आजही भेटतात. नोंदणीची रांग कशी लावायची, नातेवाइकांना कुठे बसवायचं, जेवण कधी द्यायचं हे त्यांच्याकडून शिकावं.

कागदपत्रं: कंटाळवाणी, पण इथेच वेळ जातो

निघण्याच्या किमान चार-पाच महिने आधी सुरुवात करा. डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेचं 'गुड स्टँडिंग सर्टिफिकेट' लागतं, नर्सना आपल्या नर्सिंग कौन्सिलची कागदपत्रं. शिवाय पदव्यांच्या साक्षांकित प्रती, शिफारसपत्रं, लहान मुलांच्या जीवनरक्षणाचा चालू प्रशिक्षण दाखला. सरकारी नोकरीत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्राची फाइल सगळ्यात आधी हलवा, कारण सगळ्यात उशिरा तीच हलते.

यजमान देशात काम करायला तिथल्या आरोग्य मंत्रालयाची तात्पुरती परवानगी लागते. ती संस्थेने काढायची असते, पण प्रत तुमच्या हातात आली पाहिजे. 'टुरिस्ट व्हिसावर या, बाकी आम्ही बघतो' असं कोणी म्हणालं तर जाऊ नका. परवान्याशिवाय मुलाला हात लावणं तिथेही गुन्हा आहे, इथेही.

इथिओपियासारख्या देशांसाठी पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. तो नसेल तर परत येताना भारतातल्या विमानतळावर सहा दिवस विलगीकरणात जावं लागू शकतं. हेपटायटिस बीची लस सगळ्यांनी कधीतरी घेतलेली असते, अँटिबॉडीची पातळी मात्र कोणी तपासत नाही. ती तपासा. सुई टोचली तर ७२ तासांच्या आत सुरू करायची एचआयव्हीची औषधं पथकाकडे आहेत का, हेही निघण्याआधीच विचारून घ्या.

आणखी एक. फेंटानिल, मॉर्फिन, केटामाइन ही भुलीची आणि वेदनाशामक औषधं स्वतःच्या बॅगेत घालून नेऊ नका, एक अँप्यूलसुद्धा नाही. ती संस्थेच्या परवान्यावर जातात किंवा तिथेच घेतात. आणि दवाखान्यातली मुदत संपत आलेली औषधं 'तेवढीच मदत' म्हणून नेण्याचा मोह टाळा. दान दिलेल्या औषधाची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक सांगतो.

स्क्रीनिंग: मिशनचे खरे दिवस

पहिले एक-दोन दिवस नुसती तपासणी चालते. नोंदणी, फोटो, वजन, बालरोगतज्ज्ञ, सर्जन, भूल, दंतवैद्य, वाचाउपचार असे टेबलामागून टेबल. आपलं भुलीचं टेबल बहुधा शेवटाकडे असतं, म्हणजे तिथवर येईतो मूल भुकेलेलं आणि आई आशेने भरलेली असते.

वजन स्वतः डोळ्यांनी बघा. इथिओपियाचा बराच भाग उंचावर आहे, अदिस अबाबा दोन हजार तीनशे मीटरच्याही वर. थंडीत मुलं गुंडाळून आणतात. पाच किलोच्या बाळाच्या अंगावर अर्धा किलो कपडे असले तर तुमच्या प्रत्येक औषधाचा डोस दहा टक्क्यांनी चुकला. त्याच उंचीमुळे बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडाही आपल्या सवयीपेक्षा थोडा कमी दिसतो. तिथल्या निरोगी मुलांचे आकडे आधी बघून ठेवा.

तपासताना क्रम पाळा. आधी स्टेथोस्कोप, मग टॉर्च. टॉर्च तोंडाजवळ नेली की मूल रडतं. रडताना टाळू छान दिसते, पण छाती ऐकू येत नाही. आई आणि तुम्ही गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसायचं. आधी मूल आईच्या खांद्यावर असतानाच मागून फुप्फुसं ऐकायची. मग त्याला दोघींच्या मांडीवर आडवं करून डोकं आपल्याकडे घ्यायचं आणि पहिल्या रडण्यातच टाळूचं शेवटचं टोक पाहून घ्यायचं. दुसरी संधी मूल देत नाही. आधीच रडत असेल तर हुंदक्यांच्या मधल्या श्वासाची वाट पाहा, हृदयातला मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, तेवढ्यात कळतो.

ओठासाठी जुना 'दहाचा नियम' अजून कामाचा आहे: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. ओठ सहसा तीन ते सहा महिन्यांत आणि टाळू नऊ ते अठरा महिन्यांत करतात, म्हणजे बोलणं वळण घेण्याआधी. मिशनवर मात्र आठ वर्षांचं मूलही येतं आणि वीस वर्षांचा तरुणही. ओठ कुठल्याही वयात केला तरी उपयोग होतो. मोठ्या मुलाची टाळू शिवली म्हणून बोलणं आपोआप सुधारत नाही, त्याला पुढे वाचाउपचार लागतात. ते मिळणार नसतील तर पालकांना हे आधीच सांगितलं पाहिजे.

आता नकार. सर्दी-खोकला, ताप, हिमोग्लोबिन आठ, छातीत घरघर, तपासता न येणारा मर्मर, खूप लहान जबडा: यातल्या कोणत्याही एका कारणासाठी मूल थांबवावं लागतं. आपल्याकडे सर्दी असेल तर 'तीन आठवड्यांनी या' म्हणतो. तिथे तीन आठवड्यांनी कोणी नसतं, पुढचं पथक कदाचित वर्षाने. म्हणून सर्जन तुमच्याकडे बघतो, आई बघते, दुभाषा बघतो, आणि 'एकदा घेऊन टाकू' असं सगळ्यांनाच वाटायला लागतं. अशा वेळी मी एकच विचार करते: हेच मूल माझ्या गावच्या रुग्णालयात, सगळी साधनं हाताशी असताना मी घेतलं असतं का? तिथे घेतलं नसतं तर इथे, जिथे अतिदक्षता विभाग नाही, तिथे नक्कीच घेणार नाही. ओठ जीवघेणा नाही, भूल मात्र जीवघेणी ठरू शकते.

नकार नुसता देऊ नका. वजन कमी असेल तर बाळाला दूध कसं पाजायचं ते आईला त्याच वेळी दाखवा. टाळू फाटलेल्या बाळाला स्तन नीट ओढता येत नाही, दूध नाकातून येतं आणि बाळ खंगत जातं. आपण 'वजन वाढवून आणा' म्हणतो, पण कसं वाढवायचं ते सांगत नाही. बाळाला जवळजवळ बसतं धरा, काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा दाबता येईल अशा मऊ बाटलीने थोडं थोडं द्या, मध्ये मध्ये ढेकर काढा. दुभाष्यासमोर आईकडूनच एकदा करून घ्या. मग कार्डावर नाव, कारण आणि स्थानिक रुग्णालयाचा पत्ता लिहून ते तिच्या हातात द्या.

तारखांचा घोळही इथेच होतो. इथिओपियाचं पंचांग आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं आणि त्यात तेरा महिने असतात. शक-संवत माहीत असलेल्या आपल्याला याचं नवल वाटू नये, पण फॉर्मवर जन्मवर्ष लिहिताना विचारलं पाहिजे. त्याहून धोक्याचं घड्याळ. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात: आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. उपाशी ठेवण्याच्या सूचना देताना 'दोन वाजल्यानंतर काही देऊ नका' असं दुभाष्याने तसंच सांगितलं, तर आईच्या मनात वेगळीच वेळ असते. म्हणून आकडा न सांगता प्रसंग सांगा: शेवटचं जेवण रात्री झोपण्यापूर्वी, शेवटचं अंगावरचं दूध पहाटे अमुक वेळी वॉर्डातली नर्स उठवेल तेव्हा. घन अन्न सहा तास, आईचं दूध चार, साधं पाणी दोन, हा हिशेब नर्सकडे राहू द्या.

पालकांशी बोलताना कारणांचा विषय निघतोच. ग्रहणात विळी हातात धरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, हे आपल्या आयाबायांनी सासरी ऐकलेलं असतं. मेक्सिकोतही गरोदर बाई ग्रहणाला कंबरेपाशी धातूची वस्तू लावते, ती याच भीतीने. गर्भाचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, अनेकदा तेव्हा दिवस गेल्याचं बाईला कळलेलंही नसतं. आईकडून काही चुकलं नाही एवढं वाक्य दुभाष्याकडून घरच्यांसमोर मोठ्याने सांगवून घ्या.

थिएटर लावताना

सिलिंडरच्या रंगावर भरवसा ठेवू नका. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, खांद्याला पांढरा. अमेरिकेतून आलेला हिरवा असतो. दान मिळालेल्या सामानात सगळेच एका खोलीत भेटतात. लेबल वाचा आणि ऑक्सिजन ॲनालायझर लावून बघा. वीज जाईलच असं धरून चाला: बॅटरीवर चालणारा मॉनिटर, डोक्याचा दिवा, रक्त-लाळ ओढून घेणारं, पायाने चालणारं सक्शन आणि ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी) प्रत्येक टेबलाला वेगळी. प्लग दोन गोल पिनांचे असतात, आपले तीन पिनांचे बसत नाहीत.

ज्या रुग्णालयांत भुलीचं जुनं औषध हॅलोथेनच अजून मिळतं, तिथे सर्जनला आधी सांगा. सर्जन ओठात अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं, जागा बधिर करणारं लिग्नोकेन टोचतो, आणि हॅलोथेनवर असलेल्या हृदयाला अ‍ॅड्रेनलिन सोसत नाही, ठोके बिघडतात. किती मिली टोचणार ते वजनावरून ठरवून फळ्यावर लिहायचं.

टाळूच्या केसेस आठवड्याच्या सुरुवातीला आणि सकाळी घ्या. शेवटच्या दिवशी फक्त ओठ. टाळूतून रात्री रक्त येऊ शकतं, आणि ते यायचंच असेल तर पथक गावात असताना येऊ द्या. शेवटच्या दुपारी 'एकच छोटी टाळू' घालायचा आग्रह हमखास होतो. तो मोडून काढायचं काम क्लिनिकल कोऑर्डिनेटरचं, पण आपणही त्याच्या बाजूने उभं राहावं.

टेबलावर

जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची सर्जिकल चेकलिस्ट २००८ पासून आहे. मिशनवर ती मोठ्याने, दुभाष्यासकट वाचा, कारण पथकातली माणसं एकमेकांना चार दिवसांपूर्वी भेटलेली असतात.

डाव्या बाजूचा रुंद दुभंग असेल तर घसा बघून श्वासाची नळी घालायच्या लॅरिंगोस्कोपचं पातं त्या फटीत घसरतं, म्हणून तिथे ओली गॉज भरा. नळी खालच्या ओठावरून मध्यभागी बांधा. सर्जनने तोंड उघडं ठेवायचा गॅग लावला की छाती पुन्हा ऐका, तो नळी दाबतो किंवा आत ढकलतो. रक्त खाली उतरू नये म्हणून घशात गॉजचा पॅक घातला की चिकटपट्टीवर 'पॅक आत' लिहून ती मुलाच्या कपाळावर लावा आणि फळ्यावरही लिहा. पॅक निघाल्याशिवाय पट्टी काढायची नाही, पट्टी निघाल्याशिवाय नळी काढायची नाही. विसरलेल्या पॅकने मूल गुदमरतं, आणि विसरायला दिवसातली सहावी केस आणि बाहेर लागलेली जेवणाची गाडी पुरते.

रक्ताचा हिशेब गॉजमध्ये ठेवा. लहान बाळात किलोमागे साधारण ८० मिली रक्त असतं. सहा किलोच्या बाळाचं एकूण रक्त पाचशे मिलीपेक्षा कमी, त्यात पन्नास मिली गेलं तर दहा टक्के गेलं. पन्नास मिली म्हणजे काही भिजलेल्या गॉज आणि सक्शनच्या बाटलीत तळाला दिसेल न दिसेल इतकं.

रिकव्हरी आणि पहिली रात्र

टाळूचं मूल कुशीवर, डोकं थोडं खाली. जीभ मागे पडण्याची भीती असेल तर सर्जनला जिभेत टाका घालून ठेवायला सांगा, सकाळी काढता येतो. झोपलेलं मूल पुन्हा पुन्हा गिळत असेल तर त्याला उठवा आणि टॉर्च लावा. ते लाळ गिळत नसून रक्त गिळत असण्याची शक्यता मोठी. मॉनिटरवरच्या आकड्यांआधी हे दिसतं. रात्रपाळीच्या स्थानिक नर्सला एवढं एक लक्षण नीट समजावलं तरी पुष्कळ.

ओठ झालेल्या बाळाला शुद्ध आल्यावर लगेच अंगावर घेता येतं. टाळूनंतर दोन-तीन आठवडे पातळ आणि मऊ अन्न. इथे आपली पथ्याची यादी छापून देऊ नका, स्थानिक नर्सला विचारा. इथिओपियात आजाऱ्याला 'आत्मित' नावाची पातळ पेज देतात, ती आयांना माहीत असते. हात तोंडात जाऊ नये म्हणून कोपराला पुठ्ठ्याच्या पट्ट्या.

डॉक्टर-नर्स नसाल तर

जागा आहेत, पण कमी. नोंदी ठेवणारे, यंत्रं सांभाळणारे बायोमेडिकल तंत्रज्ञ, निर्जंतुकीकरण सांभाळणारे, मुलांना खेळवत भुलीचा मास्क हाताळायला देणारे. बायोमेडिकल तंत्रज्ञाची तर सगळीकडे ओढ असते. 'पडेल ते करेन' असं अर्जात लिहू नका, काय येतं ते लिहा.

फोटोंचं सगळ्यांनाच लागू. वैद्यकीय नोंदीचा फोटो वेगळा आणि तुमच्या मोबाइलमधला वेगळा. पालकांची लेखी संमती नसलेलं मूल कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा जाता कामा नये. बहुतेक चांगल्या संस्था हे करारातच लिहून घेतात.

परतल्यावर

निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाची नोंद स्थानिक सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्या हातात, त्यांच्यासोबत बसून द्या. कोणाला रक्तस्राव झाला, कोणाचा टाका सैल वाटतो, कोणाला पुढे दातांच्या कमानीत हाड भरावं लागेल. हाडाचं काम साधारण आठ-दहा वर्षांच्या वयात, सुळा येण्याच्या आधी होतं, म्हणजे आजच्या बाळाची फाइल दशकभर जपावी लागेल.

'लॅन्सेट'च्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ मध्ये हिशेब मांडला होता की जगातल्या पाच अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल मिळत नाही. ही दरी आठ दिवसांच्या पथकांनी भरणार नाही. म्हणून मिशनवर भेटलेल्या स्थानिक भूलतज्ज्ञाचा नंबर घ्या आणि संपर्क ठेवा. अवघड केसवर रात्री व्हिडिओ कॉल करायला त्याला कोणीतरी हवं असतं, आणि अदिस अबाबाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीचच तास मागे आहे.

सहा महिन्यांनी संस्थेकडे पाठपुराव्याचे फोटो आणि बोलण्याचं रेकॉर्डिंग मागा. तुम्ही भूल दिलेल्यांपैकी किती मुलं पुन्हा तपासली गेली, किती टाळूंना भोक राहिलं, ते वहीत लिहा. पुढच्या वर्षीचा अर्ज भरायला बसाल तेव्हा ती वही समोर घ्या. निम्मी मुलं पुन्हा कोणी पाहिलीच नसतील तर त्या संस्थेला अर्ज करण्याआधी तोच जुना ईमेल परत पाठवा.